मूल ‘ठीक दिसतंय’ यावर किती विसंबायचं?

अंगणवेल:
नमस्कार मंडळी. मागच्या महिन्यात आमच्या सोसायटीत प्रथमोपचाराचं शिबिर झालं. चांगलं झालं, पण सगळी प्रात्यक्षिकं मोठ्या माणसाच्या पुतळ्यावर. दोन वर्षांच्या मुलालाही हेच करायचं का, असं विचारलं तर उत्तर आलं, "तेच, फक्त हळू हाताने." मला ते पटलं नाही. आमच्या विंगेत पाळण्यातल्या बाळापासून सायकलवाल्यांपर्यंत बरीच पोरं आहेत. सतत कोणी ना कोणी पडतं, भाजतं, काहीतरी गिळतं. आणि जमलेल्यांचं वाक्य ठरलेलं: "रडलं ना? मग काही नाही. बघ, खेळायला लागलं."

तर प्रश्न असा, की मूल वरून ठीक दिसतंय यावर किती विसंबायचं? मोठ्यांपेक्षा त्यांच्या शरीरात नेमकं काय वेगळं असतं? डॉक्टर, नर्स, अनुभवी आईबाबा, सगळ्यांनी लिहा.

टेकडीवरचा:
गरजेचा धागा. वाचतोय.

जुना_खेळाडू:
माझं मत थोडं वेगळं आहे. हल्लीचे पालक फार लवकर घाबरतात. आम्ही झाडावरून पडलो, विहिरीत उड्या मारल्या, हळद लावली आणि परत खेळायला गेलो. मुलांची हाडं लवचिक असतात. पडली की उठतात. प्रत्येक टेंगळासाठी सीटी स्कॅन करायचा का?

बालरोगवाला:
तालुक्याच्या गावी बालरोगतज्ज्ञ आहे, त्यामुळे अंगणवेल यांच्या प्रश्नावर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

एका गोष्टीपासून सुरू करतो. रक्तदान शिबिरात मोठ्या माणसाचं साधारण ३५० मिली रक्त घेतात. तो चहा-बिस्किट खातो आणि स्कूटरवरून घरी जातो. आता १० किलोचं, म्हणजे साधारण वर्ष-दीड वर्षाचं मूल घ्या. मुलाच्या शरीरात किलोमागे ८० मिलीच्या आसपास रक्त असतं, म्हणजे याचं सगळं मिळून ८०० मिली. तेच ३५० मिली या मुलाचं गेलं तर जवळपास अर्धं रक्त गेलं. फरशीवर सांडलेलं रक्त बघून "फार नाही गेलं" म्हणताना आपण नकळत मोठ्या माणसाचं माप लावत असतो.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. मुलाचं शरीर रक्तदाब शेवटपर्यंत टिकवून धरतं. हृदय जोरात धावतं, हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळतात आणि उरलेलं रक्त मेंदू-हृदयाकडे वळतं. पाव भागाच्या आसपास रक्त जाईपर्यंत रक्तदाबाचा आकडा नॉर्मल दिसू शकतो. मग तो घसरतो तो एकदम, आणि सावरायला वेळ फार थोडा उरतो. म्हणून आम्ही मुलांमध्ये बीपीची वाट बघत नाही. नाडी, हातापायांचा थंडपणा आणि त्वचेचा रंग बघतो. छातीवर बोट पाच सेकंद दाबून सोडलं की पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांत परत गुलाबी व्हायला हवा.

थोडक्यात, "ठीक दिसतंय" हे आपण काय बघतोय यावर अवलंबून आहे.

मायमाऊली:
डॉक्टर, रक्तदानाचं उदाहरण वाचून अंगावर काटा आला. वाचनखूण साठवली.

प्लास्टरवाला:
जुना_खेळाडू, हाडं लवचिक असतात हे तुमचं म्हणणं खरं आहे. मुलांची हाडं लवकर जुळतात आणि थोडी वाकडी जुळली तरी वाढता वाढता बरीच सरळ होतात, हेही खरं. पण त्याच लवचिकतेची दुसरी बाजू मी रोज बघतो.

मोठ्या माणसाच्या छातीवर जोराचा मार बसला की बरगडी मोडते आणि मोडताना बराचसा धक्का स्वतः झेलते. मुलाची बरगडी वाकते, मोडत नाही, आणि धक्का सरळ आत फुप्फुसाला जातो. एक्स-रेत एकही बरगडी मोडलेली नसते आणि आत फुप्फुस काळंनिळं झालेलं असतं. पोटाचंही तेच. मुलाचं यकृत आणि प्लीहा बरगड्यांच्या खाली बरेच उतरलेले असतात, वर स्नायू आणि चरबीचं कवच पातळ. सायकलवरून पडताना हँडलचं टोक पोटात घुसलं तर वरून फक्त एक गोल वळ दिसतो. असा वळ दिसला की मी मुलाला घरी पाठवत नाही.

आणि तिसरं म्हणजे हाडाच्या टोकाशी असलेली वाढीची कूर्चा. ती लहान वयात आजूबाजूच्या अस्थिबंधांपेक्षा (हाडं जोडून धरणाऱ्या पट्ट्यांपेक्षा) कमकुवत असते. मोठ्याचा घोटा मुरगळतो तेव्हा अस्थिबंध ताणला जातो. मुलात त्याच झटक्याने कूर्चेला इजा होऊ शकते. ‘मुरगळलंय’ म्हणून गावातल्या हाड बसवणाऱ्याकडून चोळून घेतलं आणि पुढे ते हाड आखूड किंवा तिरकं वाढलं, अशी मुलं बघितली आहेत. बांबूच्या पट्ट्या घट्ट आवळल्याने रक्तपुरवठा तुटून बोटं कायमची आखडलेली मुलंही बघितली आहेत. त्यावर मला राग आवरत नाही. हात बांधल्यावर बोटं सुजली, निळी पडली किंवा मूल असह्य रडायला लागलं तर बांधलेलं तिथल्या तिथे सैल करा.

जुना_खेळाडू:
प्लास्टरवाला, बरगडीचं मला खरंच माहीत नव्हतं. हाड बसवणाऱ्यांबद्दल मात्र एवढं सांगतो, आमच्या भागात त्यांच्याकडे जातात ते अंधश्रद्धेने नाही. एक्स-रे मशीन ४० किलोमीटरवर आहे म्हणून जातात.

प्लास्टरवाला:
मान्य. त्या ४० किलोमीटरवर वेगळा धागा काढायला हवा. तोवर एवढं करा: पुठ्ठा किंवा घडी केलेलं वर्तमानपत्र हाताखाली घ्या, सैल ओढणीने बांधा, आहे त्या स्थितीत न्या. ओढू नका, चोळू नका.

सदाफुली:
हाताचा विषय निघालाच आहे म्हणून. माझी मुलगी दोन वर्षांची असताना मामाने लाडाने एका हाताला धरून उचललं. ती किंचाळली आणि तो हात वापरेचना, नुसता बाजूला लटकवून उभी. सूज नाही, काही नाही. खांदा उतरला असं घरी सगळे म्हणत होते. डॉक्टरांनी कोपर धरून एक छोटीशी हालचाल केली आणि पाच मिनिटांत ती त्याच हाताने बिस्कीट खात होती.

प्लास्टरवाला:
खांदा नव्हे, कोपराचं हाड. एक ते चार वर्षांच्या मुलांत फार वेळा होतं. त्या वयात कोपराच्या हाडाचं डोकं धरून ठेवणारं कडं सैल असतं, हात ओढला की सटकतं. मनगटाला धरून झोके देणं, रस्ता ओलांडताना हाताला हिसका देणं, ही नेहमीची कारणं. उचलायचं तर काखेत हात घालून उचला. आणि घरी बसवायचा प्रयत्न नको, कारण मोडलेलं कोपर बाहेरून तसंच दिसू शकतं.

परसबाग:
मला डोक्याबद्दल विचारायचं आहे. लहान मुलं पडली की नेहमी डोक्यावरच का आपटतात?

बालरोगवाला:
कारण डोकंच जड असतं. नवजात बाळाचं डोकं त्याच्या लांबीच्या जवळपास एक चतुर्थांश असतं, मोठ्यांत साधारण सातवा-आठवा भाग. मान बारीक आणि स्नायू कच्चे. पलंगावरून, कठड्यावरून, पायरीवरून तोल गेला की डोकं पुढे. यात एक गोष्ट पालकांच्या लक्षात येत नाही. रांगणारं किंवा नुकतं चालायला लागलेलं मूल पाण्याच्या बादलीत वाकलं आणि आत गेलं तर त्याला स्वतःला बाहेर काढता येत नाही. वजन सगळं वरच्या भागात आणि हातांत तेवढी ताकद नाही. अर्धी बादली पाणी पुरेसं आहे, आणि आवाजही होत नाही. पाणी एक दिवसाआड येणाऱ्या गावांत घरभर भरलेल्या बादल्या, टब, पिंप असतात. झाकण हवंच, आणि न्हाणीघराला बाहेरून कडी.

टेकडीवरचा:
आमची आजी म्हणायची, डोकं मोठं म्हणजे पोरगं कलेक्टर होणार. सगळ्याच पोरांचं मोठं असतं हे आज कळलं :)

न्यूजर्सीची_मावशी:
इथे बाळाला घरी नेताना कारमध्ये त्याची सीट आहे का, हे हॉस्पिटलच्या लोकांनी आधी बघितलं. आणि ती सीट मागे तोंड करून. मला विचित्र वाटलं होतं, बाळ दिसतच नाही. मग नर्सने सांगितलं, समोरून धडक झाली तर जड डोकं पुढे फेकलं जातं आणि मान ते पेलत नाही. पाठमोरं बसवलं की पाठ, मान, डोकं सगळं एकत्र सीटवर टेकतं.

धरणाकाठी:
आपल्याकडे कार किती जणांकडे आहे? इथे चौघांचं कुटुंब एका मोटारसायकलवर. मोठा टाकीवर बसलेला, धाकटा आईच्या मांडीत. त्यावर बोला.

अंगणवेल:
त्यावरही नियम आहे. १५ फेब्रुवारी २०२३ पासून चार वर्षांखालील मुलाला दुचाकीवर न्यायचं तर मुलाला चालकाशी बांधणारा पट्टा हवा, नऊ महिन्यांपुढच्या मुलाला त्याच्या मापाचं हेल्मेट हवं, आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर नको. मी आमच्या रस्त्यावर असा पट्टा कोणाकडेही बघितलेला नाही.

धरणाकाठी:
हेल्मेटचं वजन त्या मानेला झेपतं का? आत्ताच वर डॉक्टर म्हणाले मान कच्ची असते.

बालरोगवाला:
प्रश्न योग्य आहे. मोठ्या माणसाचं हेल्मेट मुलाच्या डोक्यावर अडकवणं चूकच. ते सैल असतं, जड असतं आणि पडताना निघून जातं. मुलांच्या मापाचं हलकं मिळतं, ते घ्या. ज्या बाळाची मान अजून नीट सावरत नाही त्याला दुचाकीवर नेऊच नका. आणि टाकीवर बसवलेलं मूल अपघातात आईबाबांच्या आधी हँडलवर आदळतं, हे एकदा डोळ्यांसमोर आणा.

पंगतवाले:
आमचा केटरिंगचा घरचा व्यवसाय, मराठवाड्यात. भाजण्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. लग्नात पंगती चालू असताना मुलं पळत पळत मागच्या बाजूला येतात. तिथे जमिनीवरच्या भट्ट्यांवर वरणाची पातेली, तापलेलं तेल. आम्ही आता प्रत्येक कार्यालयात मागच्या बाजूला दोरी बांधून एक माणूस फक्त मुलं अडवायला उभा करतो. यजमानांना वाटतं जास्तीचा माणूस लावून बिल वाढवतात. पण त्या माणसावर मी तडजोड करत नाही.

बालरोगवाला:
पंगतवाले, तुमचं मनापासून कौतुक. मुलाची त्वचा पातळ असते. जो चहा आपल्या हातावर सांडला तर लाल चट्टा उठेल, तो वर्षाच्या मुलाच्या छातीवर सांडला तर खोल जखम करतो. शिवाय वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचं क्षेत्र जास्त, त्यामुळे पाणी आणि उष्णता दोन्ही झपाट्याने जातात. मोठ्यात डोकं-मान म्हणजे शरीराचे ९ टक्के धरतो, तान्ह्या बाळात १८ च्या आसपास. म्हणून मुलांसाठी भाजल्याचा तक्ताही वेगळा असतो. घरी अंदाज घ्यायचा तर मुलाचा स्वतःचा तळहात बोटांसकट म्हणजे साधारण एक टक्का.

नळाचं साधं पाणी २० मिनिटं, फक्त भाजलेल्या जागेवर. बाकीचं अंग कोरड्या कपड्यात गुंडाळून ठेवा, नाहीतर मूल गार पडतं. बर्फ नको. टूथपेस्ट, हळद, शाई, तूप काही नको. त्याने आम्हाला जखमेची खोली दिसत नाही आणि ते खरवडून काढताना मुलाचे जे हाल होतात ते सांगवत नाहीत.

दक्षिण_रायगड:
आमच्याकडे पावसाच्या आधी विंचू फार. लाल विंचू मोठ्याला आणि पोराला तेवढंच विष टोचतो, पण पोराच्या इवल्या अंगात ते किती तरी पटीने भारी पडतं. माझ्या लहानपणी गावात विंचवाने पोरं जायची. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रक्तदाबाची गोळी, प्राझोसिन, विंचूदंशावर वापरली. १९८६ मध्ये ते काम ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आता वेळेत पोहोचलं तर पोर वाचतं. आमच्या आशाताई सांगतात: नुसतं दुखतंय तर एकवेळ बरं. घाम सुटला, उलटी झाली, हातपाय गार पडले, की पोर शांत दिसलं तरी पळायचं.

धरणाकाठी:
मग सापाचं सांगा. माझ्या पुतण्याला घोणस चावली होती. जिल्ह्याच्या ठिकाणी त्याला मोठ्या माणसाइतक्याच कुप्या दिल्या. सहा वर्षांचं पोर. घरचे भांडायला निघाले होते की एवढा डोस कसा दिला.

बालरोगवाला:
त्यांनी बरोबर दिला. पॅरासिटामॉलपासून सलाइनपर्यंत जवळजवळ सगळं आम्ही मुलाच्या वजनावर मोजतो, सर्पविषावरची लस मात्र नाही. लस मुलावर काम करत नाही, विषावर करते. सापाने मूल बघून विष कमी सोडलेलं नसतं. म्हणून सुरुवातीच्या ८ ते १० कुप्या मुलालाही तेवढ्याच. मुलाच्या मापाने कमी दिल्या तर विष शिल्लक राहतं.

मण्यारीबद्दल एक जोडतो. ती बहुतेक रात्री, जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि दुखत नाही. खूण दिसेलच असं नाही. पहाटे मूल पोटात दुखतंय म्हणून उठलं, पापण्या जड, गिळायला त्रास, आवाज बदललेला, तर ते अपचन समजून ओवा देत बसू नका.

धरणाकाठी:
हे आधी कोणी समजावून सांगितलं असतं तर तिथला तो गोंधळ झालाच नसता. घरी दाखवतो हा प्रतिसाद.

रात्रपाळी:
१०८ वर काम करते. श्वासाबद्दल लिहिते, कारण मुलांचं हृदय बहुतेक वेळा आधी बंद पडत नाही. आधी श्वास अडतो आणि मग हृदय थांबतं. म्हणून मुलाला नुसती छाती दाबून भागत नाही, तोंडाने श्वासही द्यायचे असतात. शिबिरातलं "तेच, फक्त हळू" इथेच चुकतं. छाती तिच्या जाडीच्या एक तृतीयांश खोल दाबली गेलीच पाहिजे. घाबरून हळू दाबलं तर उपयोग नाही.

मोठ्या बेशुद्ध माणसाची मान आपण मागे झुकवतो. बाळाचं डोकं मागून फुगीर असतं, उताणं ठेवलं की हनुवटी आपोआप छातीकडे जाते आणि नळी दुमडते. खांद्याखाली टॉवेलची पातळ घडी ठेवायची, चेहरा सरळ छताकडे. फार मागेही नाही. श्वासनळी केवढी? तान्ह्या बाळात चार मिलिमीटरच्या आसपास. सगळीकडून एक मिलिमीटर सूज आली तर वाट चौथ्या हिश्शावर येते. आपल्याला ज्या सुजेने नुसता घसा बसेल, तिने बाळाचा जीव घुसमटतो.

आणि श्वासाला झगडणाऱ्या मुलाला कधीही जबरदस्तीने आडवं करू नका. ते ज्या स्थितीत बसलंय ती त्याने स्वतः शोधलेली असते. आम्ही आईच्या मांडीवरच ऑक्सिजन लावतो. आईला खाली उतरवून मुलाला एकटं स्ट्रेचरवर घेतलं की ते रडतं, आणि त्या रडण्यात त्याची उरलेली शक्ती जाते.

सदाफुली:
घशात अडकलं तर?

रात्रपाळी:
खोकत असेल, रडत असेल तर खोकू द्या. आवाजच निघत नसेल तर एक वर्षाखालच्या बाळाला हातावर पालथं, डोकं खाली, पाठीवर ५ थापा. मग उताणं करून छातीच्या मध्यावर ५ दाब. परत तेच. बाळाचं पोट दाबायचं नाही, यकृत तिथेच असतं. वर्षापुढच्या मुलाला ५ थापा आणि मग पोटावर ५ दाब. न दिसणाऱ्या वस्तूसाठी तोंडात बोट घालू नका, ती आणखी आत जाते. शेंगदाणे, फुटाणे, चिंचोके, सीताफळाच्या बिया. दाढा येईपर्यंत चावता येत नाही, आणि दाणा एक्स-रेत दिसत नाही. जेवताना अचानक ठसका लागला, मग थांबला, आणि दोन दिवसांनी एकाच बाजूला घरघर, असं मूल दम्याचं औषध घेत फिरतं. डॉक्टरांना तो ठसका आठवणीने सांगा.

परसबाग:
औषधाचं एक विचारते. तापाचे थेंब आणि सिरप एकच ना?

बालरोगवाला:
औषध एकच, पॅरासिटामॉल, ताकद वेगळी. बाजारात नेहमी मिळणाऱ्या थेंबांत १ मिलीत १०० मिलिग्रॅम असतं, साध्या सिरपच्या ५ मिलीत १२० मिलिग्रॅम. म्हणजे थेंब चौपट तीव्र. सिरपचं माप लावून थेंब दिले तर डोस चौपट होतो. लेबल वाचा, आणि मुलाचं ताजं वजन मोबाइलमध्ये लिहून ठेवा. आणीबाणीत लांबीवरून वजन सांगणारी रंगीत पट्टी असते. पण ती परदेशी मुलांवर बेतलेली, आपल्या मुलांचं वजन जास्त दाखवते असं इथल्या अभ्यासांत दिसलंय.

अंगणवेल:
किती शिकायला मिळालं! पुढच्या शिबिराला बाळाचा पुतळा आणा असं आम्ही लेखी कळवलंय. पण डॉक्टर, माझा मूळ प्रश्न अजून अर्धा आहे. ते पडलेलं मूल समोर आहे. मी काय बघू? आणि डोक्याला लागलेल्याला झोपू द्यायचं की नाही?

बालरोगवाला:
हात लावायच्या आधी, दारातूनच, तीन गोष्टी बघा. वागणं: तुमच्याकडे बघतंय का, आईकडून शांत होतंय का, अंग सैल पडलंय का. श्वास: बरगड्यांमध्ये खड्डे पडतायत का, नाकपुड्या फुलतायत का, कण्हण्याचा आवाज येतोय का. रंग: फिकं, निळसर, ठिपकेदार. यातलं एकही बिघडलेलं असेल तर निघा. आणि आधी दंगा करणारं मूल आता ‘शहाण्यासारखं शांत’ झालं असेल तर मला जास्त काळजी वाटते.

डोक्याला लागलं असेल तर: दोन वर्षांखालचं मूल तीन फुटांवरून पडलं, क्षणभरही शुद्ध गेली, पुन्हा पुन्हा उलट्या, कानामागे किंवा डोक्याच्या बाजूला मऊ लिबलिबीत सूज, किंवा आईला "हे नेहमीसारखं नाही" असं वाटतंय, तर दाखवा. या शेवटच्या लक्षणाला आम्ही खरोखर किंमत देतो. कपाळावरचं टणक टेंगूळ, मूल खेळतंय, खातंय, तर जुना_खेळाडू म्हणतात तसं प्रत्येकाला स्कॅन नको, घरी लक्ष ठेवणं पुरतं. त्याची रोजची झोपेची वेळ असेल तर झोपू द्या, मधूनमधून हलवून बघा, कुरकुर करून कूस बदलली म्हणजे ठीक. उठेचना तर निघा.

जुना_खेळाडू:
आभार. नातवंडं सुट्टीत येणार आहेत, घरात प्रिंट काढून लावतो.

गवतीचहा:
डॉक्टर, अवांतर पण तातडीचं. टीव्हीच्या छोट्या रिमोटचा चपटा गोल सेल सापडत नाहीये. मुलगा सव्वा वर्षाचा, मजेत खेळतोय, आत्ताच दूध प्यायला. उद्या सकाळी दाखवलं तर चालेल?

बालरोगवाला:
नाही. आत्ता निघा. अन्ननलिकेत अडकला असेल तर तिथे दोन तासांत खोल भाजतं आणि मूल तोवर खेळत असू शकतं. आता काही खाऊपिऊ घालू नका, उलटी करवू नका. जिथे एक्स-रे आणि लहान मुलांची दुर्बीण (एंडोस्कोपी) दोन्ही आहे तिथेच जा. तसाच दुसरा सेल किंवा त्याचं पाकीट सोबत न्या.

रात्रपाळी:
गाडी नसेल तर १०८ लावा. वय, वजन, ‘गोल सेल गिळल्याचा संशय’ आणि जवळची खूण, एवढं आधी सांगा.

गवतीचहा:
रिक्षात आहे. पोहोचतोच.

मायमाऊली:
काय झालं ते कळवा.

गवतीचहा:
एक्स-रे स्वच्छ आहे. घरून आत्ता फोन आला, सेल सोफ्याच्या फटीत सापडला. सगळ्यांचे आभार.

बालरोगवाला:
छान. रिमोटच्या झाकणाला आजच चिकटपट्टी लावा, आणि वजनकाटा, खेळणी, गाणारं ग्रीटिंग कार्ड यांच्याही झाकणांकडे बघा.